पासंग

“साहेब, जरा खाली उतरता का? काटा शून्यावर येईना.”

ट्रक तोलायच्या काट्यावरचा ऑपरेटर खिडकीतून मान बाहेर काढून हे म्हणाला आणि त्यात वावगे काहीच नव्हते. तपासणीच्या वेळी काट्याच्या पत्र्यावर कुणी उभे राहू नये, हे वजनमापे खात्याच्या पुस्तकातच लिहिलेले आहे, आणि खात्याचा हा निरीक्षक आजवर कितीतरी लोकांवर “काट्यावर कोण उभं आहे? बाजूला व्हा!” म्हणून खेकसला होता. वाळूने भरलेला अख्खा ट्रक जो मुकाट अंगावर घेतो, त्या लोखंडी चौथऱ्याच्या मधोमध तो आज आपल्याच तंद्रीत उभा राहिला होता, एवढेच. तो उतरला. ऑपरेटरने आत पाहिले आणि म्हणाला, “हां, आता आला.” रांगेतल्या ट्रकचा ड्रायव्हर हसला. साहेबाला हसलो हे ध्यानात येताच त्याने सारवासारव केली, “साहेबांचं वजनच आहे तेवढं,” आणि पुन्हा हसला, कारण सारवता सारवता आणखीच सांडले होते. निरीक्षकही हसला. हसण्याचा त्याला सराव होता. जाड माणसाने आधी हसून घ्यायचे असते, म्हणजे बाकीच्यांना परवानगी मागावी लागत नाही.

पण परतताना जीपच्या पुढच्या सीटवर, पट्टा पोटाखालून घ्यावा की वरून या रोजच्या प्रश्नाशी झटत असताना, ते ‘हां, आता आला’ त्याच्या कानात पुन्हा वाजले. आपण उतरलो की जग शून्यावर येते. एवढे मोठे यंत्र, पण आपण त्याच्यावर आहोत हे त्याला कळले होते, आणि आपल्यालाच कळले नव्हते. तशी भाषा आजवर त्याच्या बाजूने उभी होती. लहानपणी तो खात्यापित्या घरचा होता, कॉलेजात अंगाने भरला, लग्नात भारदस्त दिसला, आणि नोकरीत लागल्यावर तर शब्दांनी त्याला डोक्यावरच घेतले: माणूस वजनदार, शब्दाला वजन, पारडे जड, फाइलसुद्धा वजन ठेवल्याशिवाय हलत नाही. (फाइलवर त्याने कधी काही ठेवून घेतले नव्हते. खात्यात त्याचे हेही एक वैगुण्य समजले जाई.) उलट हलक्या माणसाला या भाषेत थारा नाही, हलका या शब्दापासून हलकट फार लांब नाही. ऑफिसात त्याला पाठीमागे ‘क्विंटल’ म्हणतात हे त्याला अपघातानेच कळले, तेव्हा त्याला वाईट वाटण्याऐवजी ते चूक वाटले. क्विंटल म्हणजे शंभर किलो. ते त्याने केव्हाच ओलांडले होते. आपल्याच खात्याने आपल्यावर कमी मापाचे लेबल लावावे, याची त्याला गंमतही वाटली आणि, खोटे कशाला बोला, थोडे बरेही वाटले.

घरी त्याने काट्याची हकीकत बायकोला सांगितली. गोष्ट सांगताना त्याने ड्रायव्हरचे हसणे जरा वाढवले आणि ऑपरेटरचा आवाज काढून दाखवला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच्या शर्टाची घडी घालायला तिला हात पूर्ण पसरावे लागत.

“मग? उतरलात ना?” ती म्हणाली.

“उतरलो की.”

“झालं तर.” तिने शर्टाची बाही आत दुमडली. “तुम्ही घोरता म्हणून मला झोप लागत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगत असता ना? तसं नाहीये ते. तुम्ही घोरता तोवर मी छान झोपते. घोरणं थांबलं की जाग येते. मग मी वाट बघत पडते.”

“कशाची?”

“पुढच्याची,” ती म्हणाली आणि दुसरा शर्ट घेतला. मग जरा वेळाने, त्याच्याकडे न बघता, “अण्णांच्या वेळी आईंना जाग आली नव्हती म्हणे. तेवढीच आपली मी जागी असते.”

अण्णा म्हणजे त्याचे वडील. ते झोपेतच गेले होते. सकाळी आईने चहा ठेवला, दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा रागावून मारली. त्या रागावण्याचे आईला पुढे जन्मभर वाईट वाटत राहिले. जाण्यापेक्षाही जास्त, असे निरीक्षकाला कधी कधी वाटे. पुढच्या वर्षी तो अण्णांच्या त्या वयाचा होणार होता. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. बायकोने मात्र हिशेब आधीच करून ठेवलेला दिसत होता; ती गणितात नेहमीच त्याच्यापेक्षा बरी होती.

तिनेच त्याला सर्जनकडे नेले. सर्जन वयाने लहान आणि अंगाने काडीसारखा होता. त्याने कागदावर पोटाचे चित्र काढले, मधून एक रेघ ओढली आणि रेघेच्या एका बाजूला बोट ठेवून म्हणाला, “हे एवढं काढून टाकायचं, हे एवढं ठेवायचं. मग खाल्लेलं मावतच नाही.” निरीक्षक त्या चित्राकडे पाहत राहिला. मापाचा तळ आतून ठोकून वर आणायचा, म्हणजे लिटरच्या मापात लिटर मावत नाही, ही युक्ती दुधवाले पूर्वीपासून करत आले आहेत, आणि तसली पोचे पाडलेली मापे त्याने गोणीगोणीने जप्त केली होती. आता तो स्वतः आपले माप ठोकून घ्यायला आला होता. “कायदेशीर आहे ना हे?” त्याने विचारले. सर्जनने गंभीरपणे होय म्हटले. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. गुडघे, साखर, रक्तदाब आणि झोपेत अडकणारा श्वास, सगळे सर्जनने विचारून घेतले. तो काट्यावर चढला आणि भिंतीवर लाल आकडे लागले. एकशे पंचवीस. आकडे डोळ्यांसमोर, भिंतीवर, वेळ सांगावी तसे. तेवढ्यात बायको भिंतीवरचे दुसरे एक चित्र बघायला लागली, हे त्याने पाहिले.

सर्जन म्हणाला, ऑपरेशन करू, त्याला काहीच अडचण नाही. अडचण विमा कंपनीची. त्यांना तुमच्या घरच्या डॉक्टरांचे पत्र लागते. हे ऑपरेशन हौसेचे नाही, गरजेचे आहे, असे. “आणि माझ्या इथलं वजन ते धरत नाहीत. त्यांना दोन वर्षांचं हवं. तुमच्या उंचीला एकशेवीसच्या वर, आणि ते सतत. बघणाऱ्या डॉक्टरांनी वेळोवेळी लिहून ठेवलेलं.” पत्राशिवाय ऑपरेशन स्वतःच्या खिशातून करावे लागले असते, आणि तो खिसा कुणी वजन न ठेवलेल्या निरीक्षकाचा होता. म्हणजे पत्र नाही तर ऑपरेशन नाही, आणि मग बायको आहेच वाट बघायला. रस्त्यावर आल्यावर त्याने तिला विचारले, “पोटाची हौस कोण करतं गं?” ती म्हणाली, “पोटाची सगळेच करतात. पोट कापायची कुणी करत नाही. जा तुम्ही डॉक्टरांकडे.”

डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले. त्यांनी निरीक्षकाचा गोवर पाहिला होता, कॉलेजातली कावीळ पाहिली होती, आणि अजूनही ते त्याला ‘अरे बाळ’ म्हणत; मग मध्येच आठवण होऊन ‘काय इन्स्पेक्टर’ म्हणत. दवाखान्यात दोन बाके, निळसर पडदा, हात धुवायच्या बेसिनवर खिळ्याला टांगलेला हातभर आरसा, आणि कोपऱ्यात काटा. पायाखाली तबकडी असलेला, जाड रबराच्या चौथऱ्याचा, जुन्या बनावटीचा. निरीक्षकाने हकीकत सांगितली तेव्हा डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून त्याचा कार्डाचा गठ्ठा काढला आणि एकेक कार्ड लांब धरून पाहिले. मग म्हणाले, “अरे बाळ, पण हे जमत नाही रे. तू इथे एकशेसोळाच्या वर कधी गेलेलाच नाहीस.”

“सर्जनकडे एकशे पंचवीस भरलं.”

“त्यांचे काटे विजेवरचे असतात,” डॉक्टर म्हणाले, जणू विजेने माणूस फुगतो. त्यांनी कार्डे पुन्हा जुळवली, आधी उभी मग आडवी, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. “आणि हा काटा तर तूच पास केलेला. तुझी मोहर आहे त्याच्यावर. मी त्याच्याविरुद्ध कसं लिहू?”

निरीक्षकाने काट्याकडे पाहिले. मोहर खरोखर त्याचीच होती. शिशाच्या बारक्या चकतीवर वर्षाचा आकडा, काट्याच्या पोटाशी. खात्याच्या दप्तरी कोपऱ्यावरचा दवाखाना त्याच्याच हद्दीत येई, आणि दर खेपेला तो फिरायला आल्यासारखा येऊन, डॉक्टरांशी चार शब्द बोलून, जुनी चकती काढून नवी ठोकून जाई. तपासणीची लोखंडी वजने मात्र त्याने जीपमधून कधीच खाली उतरवली नव्हती. घरचाच काटा, तो काय तपासायचा, असे तो स्वतःला सांगे; पण ते खरे नव्हते. ऑफिसातल्या पार्सलच्या काट्यावर एकदा, सगळे जेवायला गेले असताना, तो उभा राहिला होता, आणि त्या दिवसापासून त्याला माहीत होते की दवाखान्यातला काटा कमी दाखवतो. चांगलाच कमी दाखवतो. तपासला असता तर नापास करावा लागला असता, आणि मग या शहरात त्याच्याशी गोडीने बोलणारा एकही काटा उरला नसता. चार-सहा महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात जायचे, रबरावर उभे राहायचे, पोटामुळे तबकडी काही दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी वाकून वाचायचे, आणि त्यांच्या तोंडून तो सौम्य, सुसह्य आकडा ऐकायचा. एखादा देवळात जाऊन येतो तसा तो तिथे जाऊन येई. आता त्या आकड्याची किंमत विमा कंपनीने मागितली होती.

यात त्याला सर्वांत खटकत होते ते वेगळेच. उभ्या हयातीत त्याने काट्यावर संशय घेतला नव्हता. नव्याने खात्यात लागणाऱ्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवी: काटा बिचारा लोखंडाचा, त्याला कुणाचे देणे नाही घेणे नाही, खोट असली तर ती माणसात, पारड्याखालच्या बोटात, नाही तर पासंगात. पासंग म्हणजे हलक्या पारड्याला बांधायचा खडा किंवा खिळा, दोन्ही पारडी सारखी दिसावीत म्हणून. आजकालच्या पोरांना पासंग ठाऊक नाही. ‘पासंगालाही पुरणार नाही’ ही म्हण तेवढी ते बॉसला उद्देशून वापरतात. तर असा हा माणूस फक्त एकाच ठिकाणी आपला नियम मोडून बसला होता. जगातल्या सगळ्या काट्यांत एकच खोटा, आणि तो नेमका त्याच्या पायाखालचा.

आणि पायाखालचा म्हटले की त्याला दुसरे एक आठवे. हाच दवाखाना, हाच काटा, रबर तेवढे नवे. काट्यावर अण्णा उभे आहेत आणि त्याचे बोट अण्णांच्या मुठीत आहे. डॉक्टर तेव्हा तरुण, काळ्याभोर केसांचे. त्यांनी वाकून आकडा वाचला. मोठ्याने वाचला. बाकावरची माणसे एकदम वर बघू लागली. अण्णा हसले, “यंत्र घाबरलं नाही ना डॉक्टर?” म्हणाले, आणि खाली उतरताना त्यांनी मूठ एवढी आवळली की त्याचे बोट दुखले. पुढे अण्णांनी दवाखाना बदलला. तो आईबरोबर येत राहिला. अण्णा खोकल्यालासुद्धा दोन गल्ल्या पलीकडे जात. या आठवणीत एक बारीकशी खोट होती. आपला एक पाय त्या वेळी चौथऱ्याच्या कडेवर होता की नव्हता, हे त्याला नीट आठवत नसे. लहान मुले ठेवतात. काही वर्षे तो पाय आठवणीत असायचा, काही वर्षे नसायचा. अलीकडे बहुतेक असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्याच्या बंद वेळेत, त्याने जीप दाराशी उभी करायला लावली आणि पाचही लोखंडी वजने आत आणवली. एकेक वीस किलोचे, वर कडी असलेले, खात्याच्या लाल रंगाचे. ड्रायव्हर ती ठेवून चहाला गेला. डॉक्टर बनियनवर बाहेर आले. त्यांचे घर मागच्याच खोल्यांत होते.

“हे काय रे? जप्ती आहे का?”

“तपासतो,” निरीक्षक म्हणाला. “माझंच काम आहे. राहून गेलं होतं.”

तो काय बोलणार हे त्याने ऑफिसचा जिना उतरताना घोकले होते: डॉक्टर, काटा कमी दाखवतो, मला माहीत होते, मोहर खोटी आहे, चूक माझी, तुमची नाही, आता दुरुस्ती करू आणि तुम्ही तसे लिहून द्या. नोकरीत एक शेरा बसला असता. बसू दे. त्याने पहिले वजन चौथऱ्यावर ठेवले. वाकताना त्याला धाप लागली आणि उठताना गुडघा बोलला. तबकडी आता मोकळी दिसत होती. लोखंडाला पोट नसते. काटा विसावर थांबला. दुसरे ठेवले, चाळीस. साठ. ऐंशी. डॉक्टर मागे उभे होते. पाचवे वजन ठेवताना ते बाकीच्यांवर जरा आपटले, काटा थरथरला, आणि मग शंभरावर असा येऊन बसला की जणू तो तिथलाच. केसभरसुद्धा इकडे नाही, तिकडे नाही.

निरीक्षक वाकलेलाच राहिला. त्याने वजने उतरवली आणि पुन्हा चढवली. नोकरीत आल्यापासून इतका खरा काटा त्याने पाहिला नव्हता. प्रदर्शनात ठेवावा असा काटा होता. मोहर, न तपासता ठोकलेली मोहर, शंभर टक्के खरी निघाली होती. मग तो हळूहळू उभा राहिला, आणि शेवटी सवयीने, पोरांना पहिल्या दिवशी तो जे सांगायचा ते त्याला आठवले: खोट असली तर माणसात.

डॉक्टर बनियनच्या कडेने चष्मा पुसत होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

“किती?” निरीक्षकाने विचारले. अगदी दुकानदाराला विचारावे तसे.

“सुरुवातीला कपड्यांचे दोन,” डॉक्टर म्हणाले. “सगळेच धरतात तेवढे. मग बुटांचा एक. मग तू वाढत गेलास, तसा मीही वाढवत गेलो.” त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. “अण्णांना मी खरा आकडा वाचून दाखवला होता. नवा नवा होतो. वाटायचं, खरं सांगितलं की अर्धं औषध दिल्यासारखं. ते पुन्हा इथे आले नाहीत. पुढे काय झालं ते तुला माहितीच आहे. म्हटलं, तू तरी यायचा थांबू नयेस.”

“मी थांबलो नाही.”

“नाही थांबलास. येत राहिलास आणि वाढत राहिलास.” डॉक्टर हसले, पण ते हसू अर्ध्यावरच राहिले. “आता त्या कार्डांचं काय करायचं सांग. मी तुझ्या वाटेत आडवा आलो की रे.”

त्या क्षणी निरीक्षकाला तो पाय आठवला. कडेवरचा, सात-आठ वर्षांच्या मुलाचा, धुळीचा पाय. तो होता, असे आता त्याला स्पष्ट दिसले. किंवा या क्षणी दिसणे सोयीचे होते म्हणून दिसले. तुम्ही वाचलात तो आकडासुद्धा खरा नव्हता, डॉक्टर, असे म्हणता आले असते. म्हाताऱ्याचा भार उतरला असता की दुप्पट झाला असता, हे मोजायचे वजन त्याच्याकडे नव्हते. त्याने ते बोलायचे राहू दिले. लाल वजने एकेक करून भिंतीशी लावली.

“कार्डं तशीच राहू द्या,” तो म्हणाला. “पत्रात लिहा, की नोंदी करताना दरवेळी वजावट धरली होती, आणि किती ते लिहा. खाली मी काट्याचा दाखला जोडतो. काटा बिनचूक. आज, वजनं ठेवून, तपासलेला.”

“माझी फजिती होईल.”

“होईल. माझीही होईल. दोघांची मिळून माझ्याएवढी भरायची नाही.”

डॉक्टर आतून पेन आणि नाव छापलेला कागद घेऊन आले, टेबलाशी बसले, आणि चार ओळी लिहून थांबले. “आजचं लागेल,” ते म्हणाले. “चढ बघू.”

निरीक्षक रबरावर चढला. पायाखाली ओळखीचे, जरासे आत दबणारे ते स्वागत. समोर निळसर पडदा, खाली पोट, पोटाखाली कुठेतरी तबकडी. डॉक्टर सवयीने उठले आणि वाकायला लागले.

“तुम्ही नको,” तो म्हणाला. “तो आरसा द्या.”

डॉक्टरांनी बेसिनवरचा आरसा खिळ्यावरून काढला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग त्यांनी तो जमिनीवर, एका लाल वजनाला टेकवून, काट्यापासून हातभर पुढे तिरपा उभा केला. निरीक्षकाने मान पुढे काढली. आरशात आधी त्याचेच बूट दिसले, मग तबकडी, आणि तिच्यावर सगळे आकडे उलटे. उजवीकडचे डावीकडे, तीन पाठमोरा, पाच तोंड फिरवून बसलेला. उलटे वाचायची त्याला सवय होती. दुकानदाराच्या समोर उभे राहून आयुष्य गेले होते. तरी त्याने घाई केली नाही.

“एकशे पंचवीस,” तो म्हणाला. हा आकडा स्वतःच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकला. मोठ्याने म्हटला गेला होता, पण बाके रिकामी होती.

डॉक्टरांचे पेन कागदावर टेकले आणि तिथेच राहिले. “कपड्यांचे वजा करू?”

“नको. कपडे माझेच आहेत.”

पेन चालू लागले. मागच्या खोलीतून कुणीतरी डॉक्टरांना जेवायला हाक मारली, त्यांनी “आलो गं” म्हटले आणि लिहीत राहिले. निरीक्षक उतरला नाही. आरशातली सुई एकशे पंचवीसवर बसली होती, पण नीट पाहिले तर ती बसली नव्हती. श्वास आत घेतला की ती सुताएवढी वर जाई, सोडला की खाली येई, आणि मध्ये जराशी थांबे. मग पुन्हा वर जाई. इतकी वर्षे काट्यांवर काढून त्याने हे कधी पाहिले नव्हते, कारण पोती श्वास घेत नाहीत. बायको रोज अंधारात हेच ऐकत असते, असे त्याच्या मनात आले.

“झालं लिहून,” डॉक्टर म्हणाले. “उतर आता.”

“हो,” तो म्हणाला, आणि सुई पुन्हा वर जायची वाट बघत उभा राहिला.